कुत्र्यांचे केशावरण : हिमप्रदेशातील निगा

कुत्र्याच्या त्वचेवरील सर्व प्रकारच्या केसांच्या आच्छादनास केशावरण म्हणतात. हिमप्रदेशात राहणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत हे आवरण शरीराची उष्णता टिकविते, वारा अडविते आणि वितळत्या हिमापासून त्वचा कोरडी ठेवते. केस लांब व झुबकेदार असले म्हणजे कुत्रा थंडीपासून सुरक्षित आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो बरोबर नाही. उष्णता टिकते ती केसांच्या लांबीमुळे नव्हे, तर केसांमध्ये अडकून राहिलेल्या कोरड्या व स्थिर हवेमुळे. केस ओले झाले, त्यांचा गुंता झाला किंवा त्यांत बर्फाचे गोळे बसले म्हणजे ही हवा नाहीशी होते व लांब केसांचे आवरण रक्षक न राहता अपायकारक ठरते. निगेचे बहुतेक सर्व नियम या एका तत्त्वातून निघतात.

रचना : कुत्र्याच्या त्वचेत केस एकेकटे न उगवता पुंजक्यांनी उगवतात. प्रत्येक पुंजक्यात एक लांब, जाड व राठ असा प्रमुख केस असून त्याच्या भोवती अनेक बारीक, मऊ व किंचित नागमोडी दुय्यम केस असतात. हे सर्व केस त्वचेच्या पृष्ठभागावरील एकाच छिद्रातून बाहेर पडतात. प्रमुख केसांच्या थराला बाह्यावरण व दुय्यम केसांच्या थराला अंतर्लोकर असे म्हणता येईल. ज्या जातींत हे दोन्ही थर चांगले विकसित झालेले असतात त्यांच्या आवरणाला दुहेरी केशावरण म्हणतात. सायबीरियन हस्की, अलास्कन मॅलम्यूट, सामोयेड, ग्रीनलंड कुत्रा, तिबेटी मॅस्टिफ व न्यू फाउंडलंड या जाती त्याची ठळक उदाहरणे होत.

केसांच्या मुळांशी त्वक्-स्नेह ग्रंथी असतात. त्यांतून स्रवणारा तेलकट पदार्थ केसांवर पसरतो व त्यामुळे पाणी केसात न मुरता ओघळून जाते. केसांच्या मुळांना जोडलेले सूक्ष्म स्नायू आकुंचन पावले म्हणजे केस उभे राहतात, आवरणाची जाडी वाढते व त्यात अधिक हवा साठते. बाह्यावरण वारा व हिम अडविते आणि अंतर्लोकर हवा धरून ठेवते, अशी ही कामाची वाटणी असते.

पूडल जातीच्या कुरळ्या केसांत असे दोन स्पष्ट थर नसतात. मॉल्टीज जातीचे केस लांब व रेशमी असले, तरी त्यांखाली अंतर्लोकर जवळजवळ नसते. असे कुत्रे दिसण्यास गुबगुबीत असतात. पण त्यांचे आवरण हस्कीच्या आवरणासारखे काम करीत नाही. केसांचे बाह्य रूप ठरविणाऱ्या आनुवंशिक घटकांसंबंधी २००९ मध्ये महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. शुद्ध जातींच्या कुत्र्यांतील केसांची बहुतेक विविधता तीन जनुकांच्या निरनिराळ्या संयोगांनी निर्माण होते, असे त्यात दिसून आले. यांपैकी एफजीएफ-५ या जनुकाचा संबंध केसांच्या लांबीशी, केआरटी-७१ याचा कुरळेपणाशी, तर आरएसपीओ-२ याचा मिशा व भुवयांच्या राठ केसांशी आहे. अंतर्लोकरीची दाटी या गुणांवरून ओळखता येत नाही. ती पाहण्यासाठी केस बोटांनी विभागून त्वचेपर्यंत तपासावे लागतात.

उष्णतानिरोध : स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. पाण्याची उष्णता-संवाहकता हवेच्या सुमारे चोवीस पट व बर्फाची पाण्याच्या सुमारे चौपट असते. म्हणून अंतर्लोकरीत हवेच्या जागी पाणी शिरले की शरीराची उष्णता झपाट्याने बाहेर पडू लागते. शिवाय हे पाणी सुकताना शरीराची आणखी उष्णता खर्ची पडते. १०० ग्रॅ. पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८ किलोकॅलरी उष्णता लागते. २५ किग्रॅ. वजनाचा कुत्रा विश्रांतीच्या अवस्थेत तासाला सुमारे ३३ किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. म्हणजे अर्धा पेला पाणी केवळ शरीराच्या उष्णतेने सुकवावयाचे झाल्यास अशा कुत्र्याची जवळजवळ पावणेदोन तासांची उष्णता त्यात जाईल. दाट आवरणात याच्या कित्येक पट पाणी मावू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे ओल्या कुत्र्याला थंडीत बाहेर ठेवणे किती धोक्याचे आहे याची कल्पना येते.

कोरड्या आवरणाची क्षमता मात्र विलक्षण असते. शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातील पॉइंट बॅरो येथे केलेले प्रयोग १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. कुत्र्याच्याच कुलातील आर्क्टिक कोल्ह्याला सुमारे -४०° से. तापमानापर्यंत शरीरातील उष्णतानिर्मिती वाढवावी लागत नाही, असे त्यांत आढळले. स्लेज-गाडी ओढणारे कुत्रे उघड्यावर अंगाचे वेटोळे करून, शेपटीने नाक झाकून झोपतात. त्यांच्या अंगावर हिमाचा थर साचतो व तो तसाच राहतो. पाठीवरचे हिम न वितळणे हे आवरण नीट काम करीत असल्याचे चिन्ह होय. ते लवकर वितळून केस भिजत असल्यास आवरणातून उष्णता निसटत आहे, असे समजावे.

पायांचे तळवे, नाक व कानांची टोके या ठिकाणी केसांचे संरक्षण थोडे असते. पायांत मात्र निराळी योजना आहे. तळव्यांकडे जाणाऱ्या रोहिण्या व तेथून परतणाऱ्या नीला एकमेकींना लागून असतात; त्यामुळे उबदार रक्तातील उष्णता परतणाऱ्या थंड रक्तास मिळते व ती शरीरातच राहते. कुत्र्याच्या तळव्यातील ही रचना जपानी संशोधकांनी २०११ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविली. लांडगा व आर्क्टिक कोल्हा यांचे तळवे अतिशीत द्रवात बुडविले असता ते गोठणबिंदूच्या किंचित खाली, सुमारे -१° से. तापमानावर राखले जातात, असे १९७२ मध्येच आढळून आले होते. ही योजना तळव्याच्या उतींचे रक्षण करते. बोटांमधील केसांत बसलेल्या बर्फाच्या खड्यांपासून ती रक्षण करू शकत नाही.

सेंट बर्नार्डचे उदाहरण : केवळ लांब केस हिमात उपयोगी पडत नाहीत, हे आल्प्स पर्वतातील एका अनुभवाने दाखवून दिले. इटली व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड सुमारे २,४७० मी. उंचीवर आहे. तेथे अकराव्या शतकात स्थापन झालेल्या धर्मशाळेतील मठवासी सतराव्या शतकापासून कुत्रे पाळीत आले. हिमात वाट चुकलेल्या प्रवाशांचा शोध घेण्यासाठी पुढे या कुत्र्यांचा उपयोग होऊ लागला. १८०० ते १८१४ या काळात होऊन गेलेल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीस किंवा त्याहून अधिक माणसांचे प्राण वाचविले, असे परंपरेने सांगितले जाते. हे मूळ कुत्रे आखूड व दाट केसांचे होते. १८३० च्या सुमारास वंशवृद्धीसाठी त्यांचा न्यू फाउंडलंड जातीशी संकर करण्यात आला व लांब केसांची पिले जन्मास आली. लांब केस थंडीत अधिक उपयुक्त ठरतील, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या केसांना हिम चिकटून बर्फाचे गोळे बनू लागले, कुत्रे भाराने थकू लागले व शोधकार्यास निरुपयोगी ठरले. लांब केसांचे कुत्रे खालच्या खोऱ्यांतील लोकांना देण्यात आले आणि मठातील काम पुन्हा आखूड केसांच्या कुत्र्यांवर सोपविण्यात आले. आज घरोघर पाळला जाणारा झुबकेदार सेंट बर्नार्ड बहुतांशी त्या लांब केसांच्या शाखेशी नाते सांगतो.

बर्फाचे गोळे : सर्व प्रकारचे हिम केसांना सारखे चिकटत नाही. कडाक्याच्या थंडीतील हिम कोरडे व भुकटीसारखे असते आणि अंग झाडताच ते गळून पडते. तापमान ०° से. च्या जवळ असताना मात्र हिमकणांवर पाण्याचा पातळ थर असतो व ते परस्परांस आणि केसांना चिकटतात. शरीराच्या उष्णतेने केसांजवळचे हिम थोडे वितळते, बाहेरच्या थंडीने ते पुन्हा गोठते आणि त्याभोवती नवे हिम लपेटले जाते. अशा रीतीने वाटाण्याएवढ्या खड्याचा लिंबाएवढा गोळा होतो. पोट, छाती, काखा, मांड्यांच्या आतील बाजू, पायांच्या मागील झालरीसारखे केस व बोटांमधील फटी या जागी ते विशेषेकरून आढळतात. मऊ, रेशमी व कुरळ्या केसांत त्यांचे प्रमाण अधिक असते.

हे गोळे चालताना केस ओढतात, त्वचेवर घासतात व काखेत जखमा करतात. बोटांमध्ये बसलेले खडे बोटे फाकवितात. कुत्रा लंगडतो, वारंवार थांबून पंजे चाटतो किंवा दातांनी खडे उपटतो व त्यात केस आणि त्वचाही ओरबाडली जाते. चालणारा कुत्रा मध्येच खाली बसला, तर तो हट्टीपणा न समजता प्रथम पंजे तपासावेत.

हिवाळ्यापूर्वीची निगा : दिवसमानातील बदलानुसार कुत्र्याचे केस वसंत ऋतूत व शरद ऋतूत मोठ्या प्रमाणावर गळतात. शरदातील गळतीनंतर हिवाळ्याची दाट अंतर्लोकर येते. गळालेले केस जागच्या जागी अडकून राहिल्यास त्यांच्या जटा बनतात. जट म्हणजे दाबला गेलेला नमदा होय. त्यात हवा राहत नाही, पाणी मात्र स्पंजाप्रमाणे साठून राहते. म्हणून या काळात केस दररोज व एरवी आठवड्यातून दोन-तीन वेळा विंचरावेत. वरवर ब्रश फिरविणे पुरेसे नसते. केसांचे पदर एका हाताने वर धरून त्वचेपासून टोकाकडे, एकेक पदर सोडवीत जावे. प्रथम तारांचा ब्रश व नंतर लांब दातांची धातूची फणी वापरावी. फणी मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेली म्हणजे काम पुरे झाले. कानांमागील भाग, काखा, जांघा व गळपट्ट्याखालची जागा यांकडे विशेष लक्ष द्यावे. केस कोरडे असतानाच गुंता सोडवावा. भिजल्यावर तो अधिक घट्ट बसतो.

तळव्याच्या गाद्यांमधील केस गाद्यांच्या पातळीपर्यंत, बोथट टोकाच्या कात्रीने कापावेत. त्यामुळे खडे बसण्यास आधार राहत नाही. पोटावरील व पायांवरील झालर थोडी कमी करण्यास हरकत नाही. दुहेरी आवरणाचे कुत्रे मात्र यंत्राने भादरू नयेत. या जातींतील बरीचशी केशपुटके दीर्घकाळ विश्रांतीच्या अवस्थेत असतात. त्यामुळे भादरलेले केस पुन्हा येण्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ लागतो. अंतर्लोकर आधी वाढून आवरण ठिगळासारखे दिसणे व त्याची पाणी रोखण्याची क्षमता कमी होणे हेही संभवते.

स्नान वारंवार घातल्यास त्वक्-स्नेह निघून जातो व केस पाणी शोषू लागतात. म्हणून हिवाळ्यात स्नान बेताने, कुत्र्यांसाठी बनविलेल्या सौम्य साबणाने घालावे व तो पूर्णपणे धुऊन काढावा. केस मुळापर्यंत वाळेपर्यंत कुत्र्याला बाहेर नेऊ नये.

हिमात नेताना : बाहेर पडण्यापूर्वी तळव्यांच्या गाद्यांवर व बोटांच्या फटींत मेण किंवा पेट्रोलियम जेली यांचा पातळ लेप लावल्यास हिम कमी चिकटते. अधिक खात्रीचा उपाय म्हणजे कापडी मोजे. अलास्कातील अँकरेज ते नोम ही इडिटॅरॉड नावाची स्लेज-गाड्यांची शर्यत १९७३ मध्ये सुरू झाली. तीत प्रत्येक कुत्र्यामागे आठ मोजे बाळगणे बंधनकारक असते. अतिशय कसलेल्या, दुहेरी आवरणाच्या कुत्र्यांनाही पायांसाठी बाह्य साधन लागते, हे यावरून स्पष्ट होते. मोजे घट्ट बांधल्यास रक्तपुरवठा खुंटून हिमदाहाचा धोका वाढतो, म्हणून ते वेळोवेळी तपासावेत.

निरोगी व दुहेरी आवरणाच्या कुत्र्याला अंगरखा घालण्याची गरज सहसा नसते. दाटून बसणाऱ्या वस्त्राने केस चेपले जातात व त्यांतील हवेचा थर कमी होतो. एकेरी आवरणाचे कुत्रे, पिले, तसेच म्हातारे व आजारी कुत्रे यांना मात्र पाणी न शिरणारे, पोट झाकणारे वस्त्र घालावे व ते भिजताच काढावे.

परतल्यानंतर : प्रथम सैल हिम हाताने झाडून टाकावे. चिकटलेले गोळे ओढू नयेत, दगडासारखे फोडू नयेत व त्यांना कात्री लावू नये. ओढलेल्या केसांबरोबर त्वचा वर उचलली जाऊन कापली जाण्याची भीती असते. गोळे हातात धरून किंवा कोमट पाण्यात पाय बुडवून वितळू द्यावेत. गरम पाणी वापरू नये. थंडीने बधिर झालेल्या त्वचेस चटका जाणवत नाही. नंतर टॉवेलाने केस दाबून पाणी टिपावे. जोराने चोळल्यास गुंता होतो. केस वाळविण्याचे यंत्र मंद उष्णतेवर व अंगापासून दूर धरून वापरावे आणि त्याच वेळी केस विंचरीत जावे. वरचे केस कोरडे लागले तरी अंतर्लोकर ओली असू शकते. बोटे त्वचेपर्यंत घालून खात्री करावी. ओल तशीच राहिल्यास केसांखाली जंतूंची वाढ होऊन त्वचेवर लाल, ओलसर व वेदनायुक्त चट्टे उठतात.

शहरांत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी सोडियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड इ. लवणे टाकतात. ती पायांच्या केसांत अडकून तळव्यांची आग करतात व कुत्र्याने चाटल्यावर पोटात जाऊन वांत्या, जुलाब आणि अधिक मात्रेत गंभीर विकार उत्पन्न करतात. मोटारीचे पाणी गोठू नये म्हणून वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल याहून घातक आहे. ते चवीला गोडसर असून दर किग्रॅ. वजनामागे सुमारे ४.४ ते ६.६ मिलि. एवढी मात्राही प्राणघातक ठरू शकते. सुरुवातीस कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, मग तात्पुरता सावरल्यासारखा दिसतो व नंतर त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. मधल्या सुधारणेवर विसंबून थांबल्यास उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून शंका येताच पशुवैद्याकडे न्यावे. प्रत्येक फेरीनंतर चारही पाय व पोटाखालचे केस कोमट पाण्याने धुऊन पुसणे हा या दोन्ही धोक्यांवरील प्रतिबंधक उपाय होय.

धोक्याची लक्षणे : कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.३° ते ३९.२° से. असते. ते ३७° से. च्या खाली गेल्यास कुत्रा कुडकुडतो व मंदावतो. ३२° से. च्या खाली कुडकुडणे थांबते. हे बरे वाटल्याचे नव्हे, तर अवस्था बिघडल्याचे लक्षण असते. अशा वेळी त्यास निवाऱ्यात नेऊन कोरडे करावे, उबदार पांघरुणात गुंडाळावे व त्वरित वैद्यकीय मदत मिळवावी.

हिमदाह मुख्यतः कानांची टोके, शेपटीचे टोक व बोटे यांना होतो. दाट केसांखाली तो सहज दिसत नाही, म्हणून या जागा हाताने चाचपाव्यात. बाधित त्वचा फिकट, थंड व टणक लागते. ती चोळू नये व तिच्यावर हिम घासू नये. पुन्हा गोठण्याचा संभव नसेल तरच सुमारे ४०° से. तापमानाच्या पाण्याने ती सावकाश उबदार करावी.

भारतातील परिस्थिती : भारतात नियमित हिमवर्षाव हिमालयाच्या पट्ट्यातच होतो. तेथील मेंढपाळांचे कुत्रे, उदा., हिमाचल प्रदेशातील गद्दी लोकांचे राखणीचे कुत्रे व लडाखमधील तिबेटी मॅस्टिफ वर्गातील कुत्रे, उघड्यावर राहतात आणि ऋतुमानाप्रमाणे त्यांचे आवरण बदलते. मैदानी शहरांतील कुत्र्यांची स्थिती निराळी असते. अलीकडे मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांतही हस्की, सेंट बर्नार्ड इ. जाती पाळल्या जातात. उबदार हवेत व घरातील कृत्रिम प्रकाशात वाढलेल्या अशा कुत्र्यांची केसगळती वर्षभर थोडीथोडी चालू राहते व हिवाळ्याची अंतर्लोकर पुरेशी दाट होत नाही. जातीने हिमप्रदेशी असलेला कुत्रा म्हणून त्यास एकाएकी मनाली किंवा गुलमर्ग येथील हिमात तासन्‌तास सोडणे योग्य नव्हे. सहलीच्या पहिल्या दिवसांत त्याला थोडा थोडा वेळच बाहेर न्यावे, दर खेपेस पूर्ण कोरडे करावे व रात्री निवाऱ्यात ठेवावे. तसेच उन्हाळा सुसह्य व्हावा म्हणून ज्याचे केस त्या वर्षी भादरले असतील, अशा कुत्र्यास आवरण पूर्ववत होईपर्यंत हिमात नेऊ नये.